टिरो देवनागरी मराठी फॉन्ट: नऊ महिने वापरल्यावर, आणि दोन हजार लेबलं वाया गेल्यावर

गेल्या महिन्यात प्रेसमधून लेबलांचे गठ्ठे घरी आले. वरचा गठ्ठा उघडून पहिलं लेबल हातात घेतलं आणि पोटात गोळाच आला. ‘कांदा-लसूण मसाला’ एवढ्यात ल दोनदा येतो, आणि दोन्ही ठिकाणी हिंदीतला, उजवीकडे उभी दांडी असलेला ल बसला होता. वर ‘कोल्हापुरी’मधला अर्धा ल, तोही तसाच. रंग बरोबर, माप बरोबर, कागद बरोबर. फक्त अक्षर आमचं नव्हतं.

प्रेसमध्ये फोन केला तर तिथले दादा म्हणाले, “वहिनी, ल तो ल हाय की. गिऱ्हाईक काय ल बघून चटणी घेतंय होय?” (आमच्याकडे या मसाल्यालाच चटणी म्हणतात.) मी म्हटलं, दादा, गिऱ्हाईक बघत नसेल, पण त्याच्या डोळ्याला कळतं. अर्धा तास वाद झाला. शेवटी छपाईचे पैसे त्यांनी सोडले, कागदाचे मी दिले. दोन हजार लेबलं. घरगुती धंद्यात हा खर्च छातीत बसतो. त्या रागातच हे लिहायला घेतलं, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की राग फॉन्टवर नाही. म्हणून आधी फॉन्टबद्दलच सांगते.

टिरो देवनागरी मराठी गुगल फॉन्ट्सवर २०२२ पासून आहे, हे बहुतेकांना माहीत असेल. त्याच घराण्यात हिंदीसाठी वेगळा आणि संस्कृतसाठी वेगळा फॉन्ट आहे. मला पहिल्यांदा भावलं ते हेच. कुणीतरी मराठीला मराठी समजून फॉन्ट केला. ल टाइप केला की मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या असलेला ल येतो, श आपल्या वळणाचा येतो, आणि त्यासाठी कुठेही काही चालू-बंद करावं लागत नाही. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयात ज्याला पाकळीयुक्त ल म्हटलंय, तोच हा. माझ्या सासूबाई बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, त्यावर असाच ल असायचा. कांदा-लसूण, तीळ, लवंग. आमच्या चटणीची ओळख त्या चिठ्ठ्यांपासून सुरू झाली, तर लेबलावर दुसरा ल मी का चालवून घेऊ?

मूळ भानगड अशी की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ल चा क्रमांक एकच आहे. मराठी ल आणि हिंदी ल असे दोन वेगळे क्रमांक नाहीत. आपण टाइप करतो ते फक्त ‘ल’. तो कसा दिसेल हे फॉन्ट ठरवतो. त्यामुळे फॉन्ट बदलला की अक्षराचा चेहरा बदलतो आणि शब्द बरोबरच राहतो. प्रूफ तपासणारा माणूस शब्द वाचतो, शुद्धलेखन बघतो, सही करतो. चूक सापडत नाही, कारण ती चूक म्हणून नोंदलीच जात नाही.

यापूर्वी मी एका ओळखीच्या मुलाकडून बोधचिन्ह करून घेतलं होतं. जाडजूड अक्षरं, मिरचीचं चित्र, वर ज्वाला. कोल्हापुरात तिखटाच्या पाकिटावर मिरची आणि ज्वाला नाही असं पाकीट शोधावं लागतं. चार जणींच्या मसाल्यांमध्ये माझं पाकीट मलाच ओळखू येईना. या वर्षी मिरची काढली, ज्वाला काढली. पांढरट कागद, गडद तांबडी अक्षरं, एवढंच ठेवलं. सजावट नसली की अक्षरावर सगळा भार येतो. म्हणून फॉन्टचं एवढं. आणि खर्च शून्य. ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे धंद्यासाठी वापरायला परवानगी मागावी लागत नाही, फक्त फॉन्ट तसाच्या तसा विकायचा नाही. मी ब्याडगी मिरचीच्या भावाची दर आठवड्याला घासाघीस करणारी बाई आहे. फुकट आणि कायदेशीर या दोन गोष्टी एकत्र मिळतात तेव्हा मला खरंच बरं वाटतं.

आता तक्रार. याला ठळक रूप नाही. एक सरळ, एक तिरपं, बस. पहिल्या दोन महिन्यांत मी याला मनातल्या मनात पाचपैकी दोनच दिले होते. लेबलावर नाव ठसठशीत हवं असतं ना? मी सॉफ्टवेअरमधलं ‘बोल्ड’चं बटण दाबलं. ठळक रूपच नसेल तर ते बटण अक्षराभोवती नुसती जाडी चढवतं. पडद्यावर बरं दिसलं. छापून आल्यावर ‘ण’ आणि ‘क’ची पोटं बुजलेली, मात्रा शिरोरेषेला चिकटलेल्या. ते लेबल घेऊन मी आठवडाभर चिडचिड केली.

मग मत बदललं. झालं असं की नाव ठळक करण्याऐवजी मी ते नुसतं मोठं केलं. सव्वापट. आजूबाजूची नक्षी काढून जागा मोकळी केली. ते पाकीट दुकानातल्या फळीवर इतर पाकिटांच्या शेजारी ठेवून दहा फुटांवरून बघितलं. बाकीची सगळी ओरडत होती, हे एकटं शांत होतं आणि नजर त्यावरच जात होती. ठळकची उणीव मला आता जाणवत नाही असं म्हणणार नाही, किमतीच्या ठिकाणी जाणवली, म्हणून तिथे दुसरा फॉन्ट आणला. पण नावासाठी ती नको होतीच.

किंमत, वजन, चौदा अंकी परवाना क्रमांक, घटक हे सगळं मी ‘मुक्ता’तल्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत बसवलं. मुक्ता मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा, तोही मोफत, सात जाडींमध्ये. कायद्याने जो मजकूर द्यावा लागतो तो इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला देता येते. त्यामुळे मराठी मजकूर सगळा टिरोत आणि सक्तीचा इंग्रजी मजकूर मुक्तात, अशी वाटणी आपोआप झाली. दोनच फॉन्ट. तिसरा आणायचा मोह झाला होता, आणला नाही.

खरी अडचण मला खाकी कागदावर आली. टिरोची अक्षरं जुन्या पुस्तकी छपाईसारखी आहेत, एक रेघ जाड तर एक बारीक. खाकी कागद शाई पितो. बारीक रेघा लहान आकारात तुटतात किंवा पसरतात. अर्ध्या किलोच्या खाकी पिशवीवर कृतीचा मजकूर मी आठ पॉइंटात टाकला होता, तो वाचताच येईना. तेच घरच्या लेबल प्रिंटरचं. तो २०३ डीपीआयचा आहे, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके. एवढ्यात बारीक रेघ बसत नाही, पायऱ्या पडतात. तारीख आणि बॅच नंबर तिथे मुक्तातच काढते. ज्यांचं सगळं काम लेबल प्रिंटरवर चालतं त्यांनी टिरोच्या वाटेला जाऊ नये.

आणि आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त आनंद दिला ती. पाकिटात आम्ही एक चिठ्ठी घालतो. पूर्वी तिच्यावर आमची परंपरा, शुद्धता, उत्कृष्ट दर्जा असं भरगच्च लिहिलेलं असायचं. ती कुणी वाचत नव्हतं. मला माहीत आहे, कारण ती चिठ्ठी न उघडता केरात गेलेली मी स्वतः माझ्या नणंदेच्या घरी पाहिली. या वेळी चिठ्ठीवर एकच कृती घातली. पहिल्या महिन्यात अख्खा मसूर, दुसऱ्या महिन्यात पिठलं, मग वांग्याचं भरीत. साठ-सत्तर शब्द, चौदा पॉइंट, दोन ओळींमध्ये भरपूर जागा. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या की सगळं एकमेकांत अडकतं. चष्म्याशिवाय वाचता यावं एवढीच अट ठेवली होती.

पुढे एका महिन्यात चिठ्ठी घालायची राहून गेली. तर फोन आले. एक काकू म्हणाल्या, “या वेळची चिठ्ठी पडली का गं कुठं? मी कपाटाच्या दाराला आतून लावते सगळ्या.” त्या दिवशी मी मसाला कुटायच्या डंकावर होते, कुटण्याच्या आवाजात नीट ऐकूही येत नव्हतं, बाहेर येऊन पुन्हा फोन केला. आमचं लिहिलेलं कुणीतरी जपून ठेवतंय हे इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं.

त्याच चिठ्ठीत ‘भाकऱ्या’ आणि ‘पुऱ्या’ हे शब्द येतात. माझ्या जुन्या फाइलमध्ये ते ‘पुर्या’ असे, डोक्यावर रफार घेऊन छापले गेले होते. टिरोत आडवा र सुरेख दिसतो, पण टाइप करतानाच तो नीट यायला हवा: खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. फॉन्ट चुकीचं टायपिंग दुरुस्त करत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हात टेकले. तिथे पाठवलेला मजकूर वाचणाऱ्याच्या फोनमधल्या फॉन्टात दिसतो, माझ्या पसंतीला तिथे जागा नाही. काही दिवस मी सगळं चित्र करून पाठवलं. मग कळलं की चित्रातली कृती शोधून सापडत नाही आणि बहिणीला पुढे पाठवताना तिच्यातलं मीठ-तिखट बदलून लिहिता येत नाही. आता वर नावापुरतं चित्र आणि खाली कृती साध्या मजकुरात. ल कसाही दिसो, कृती पोचली पाहिजे. हे मान्य करायला मला चार महिने लागले.

आणखी एक उशिरा कळलेली गोष्ट. काही फॉन्टमध्ये मराठी ल आत असतो, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाही. लिबर ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं. म्हणजे टिरो हा एकच मार्ग आहे असं मी मैत्रिणींना सांगत होते ते अर्धवट होतं. तरीही लेबलासाठी मी टिरोच ठेवणार. भाषा निवडायची आठवण माझ्या एकटीला राहून भागत नाही, प्रेसमधल्या प्रत्येकाला राहावी लागते.

प्रेसमध्ये चुकलं ते असं. मी उघडी फाइल दिली, त्यांच्या संगणकावर टिरो नव्हता, सॉफ्टवेअरने शांतपणे दुसरा फॉन्ट घातला. आता फाइल कर्व्ह करूनच पाठवते, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि समोर फॉन्ट असो वा नसो, आकार हलत नाही. मात्र कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये पुढे एक काना बदलता येत नाही, म्हणून उघडी प्रत माझ्याकडे वेगळी जपते. सोबत पीडीएफ, आणि कागदावर हाताने मोठा ल काढून, ‘असाच हवा’ असं लिहून त्याचा फोटो.

काल नवीन प्रूफ आलं. उन्हात नेऊन बघितलं. लसूणचा ल, मसालाचा ला, मग भिंग घेऊन कोल्हापुरीमधला अर्धा ल. तिन्ही आमचे. पाचशेच छापायला सांगितलेत.