बिनदुधाचं व्हॅनिला आइस्क्रीम घरी: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. भांडं फ्रीझरमध्ये गोठवून वापरायचं साधं घरगुती आइस्क्रीम यंत्र बिनदुधाच्या व्हॅनिलाला पुरतं. मात्र आइस्क्रीम चांगलं होतं ते मिश्रणामुळे. मिश्रण जमलेलं नसेल तर भारीतलं यंत्रही गोड बर्फच काढून देईल. त्यामुळे या अनुभवात यंत्राबद्दल थोडं आणि मिश्रणाबद्दल पुष्कळ आहे.

माझ्या मुलीला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, म्हणून हे सगळं सुरू झालं. लॅक्टोज न पचणं हा वेगळा प्रकार. त्यात लॅक्टेज हे एन्झाइम कमी पडतं आणि लॅक्टोजमुक्त दूध बहुतेकांना चालतं. ॲलर्जी असते ती केसिन किंवा व्हे या प्रथिनांची, तिथे लॅक्टोजमुक्त दुधाचा काही उपयोग नाही. विकतच्या वस्तूंची लेबलं आता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असलं म्हणजे दूध नाही असं नसतं, चरबी वनस्पतीची आणि बाकी दुधाचे घन पदार्थ असंही असू शकतं. नारळाच्या दुधाच्या कित्येक पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधाच्या केसिनपासूनच बनतं. ज्यांच्या घरी ॲलर्जी आहे त्यांनी एवढा एक शब्द तरी पाठ करून ठेवावा.

आता मुद्द्याचं. गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात स्निग्धांश, प्रथिनं आणि लॅक्टोज, आणि आइस्क्रीममधलं सगळं काम हे तिघं करतात. स्निग्धांशामुळे तोंडात मऊपणा येतो. प्रथिनं चरबीचे थेंब पाण्यात धरून ठेवतात आणि फेटताना शिरलेल्या हवेला आधार देतात. लॅक्टोज आणि साखर गोठणबिंदू खाली नेतात. दूध काढून टाकलं की ही कामं दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्यावी लागतात. ‘दुधाऐवजी अमुक वापरा’ असं एका ओळीत सांगणाऱ्या पाककृती इथेच फसतात, कारण कुठलाही एक पर्याय ही सगळी कामं करत नाही.

त्यात व्हॅनिला हा सगळ्यांत अवघड स्वाद. चॉकलेट किंवा कॉफी असेल तर पायाची, म्हणजे मूळ मिश्रणाची, चव झाकली जाते. व्हॅनिलाखाली काहीच लपत नाही.

सुरुवातीचे बरेच आठवडे मी डब्यातलं घट्ट नारळाचं दूध वापरत होतो. सगळीकडे तेच सुचवलं जातं आणि त्याला कारणही आहे. त्यात १७ ते २० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यामुळे पोत पहिल्याच फटक्यात दाट येतो. पण नारळाची चव व्हॅनिलाला पुढे येऊच देत नाही. नारळाचं आइस्क्रीम म्हणून ते फार छान लागतं, मी आजही कधीतरी करतो. व्हॅनिला म्हणून मात्र मला ते पटलं नाही. दुसरं म्हणजे त्यात प्रथिनं फारच कमी. यंत्रात जरा जास्त वेळ फिरलं की चरबीच्या बारीक गुठळ्या होतात आणि जिभेवर मेणासारखा थर बसतो. नारळाची चरबी साधारण २४ अंशांना वितळते, त्याखाली ती चांगलीच कडक असते, त्यामुळे गुठळी झाली की ती गारठलेल्या तोंडात लवकर विरघळत नाही.

ओटचं दूध एकट्याने वापरू नका. पाणी जास्त, स्निग्धांश अगदी थोडा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चमचा आत जात नाही. सोया दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात आणि ते हवा छान धरतं, पण त्याचा कच्च्या शेंगेसारखा वास व्हॅनिलात जाणवतो. ज्यांच्याकडे काजूही चालत नाहीत त्यांच्यासाठी सोया हाच पाया मी सुचवेन. फक्त साखर न घातलेलं घ्या, त्यात थोडं वासरहित तेल घोटा आणि व्हॅनिला जरा जास्त टाका.

मी शेवटी स्थिरावलो ते काजूवर. काजूत सुमारे ४४ टक्के स्निग्धांश, १८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि शिवाय बऱ्यापैकी स्टार्च. हा स्टार्च गरम केल्यावर फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि मिश्रण आपोआप दाट होतं. चव सौम्य, गोडसर, व्हॅनिलाच्या आड न येणारी. फक्त काजूतला स्निग्धांश द्रवरूप तेलाचा असतो, तो थंडीत पुरेसा घट्ट होत नाही. म्हणून जोडीला वास काढलेलं, शुद्ध केलेलं खोबरेल तेल थोडंसं घालायचं. नारळाच्या दुधाचा पोत मिळतो आणि नारळाची चव येत नाही. हे जमलं आणि मग मी पाया बदलायचं थांबलो.

दीड लिटरच्या भांड्यासाठी माझं आत्ताचं प्रमाण असं आहे: काजू १३० ग्रॅम (भिजवण्याआधीचं वजन), पाणी ४८० ग्रॅम, वासरहित खोबरेल तेल ५० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजची पावडर) ४५ ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, ग्वार गम (गवारीच्या बियांपासूनची, मिश्रण दाट करणारी पावडर) १ ग्रॅम आणि व्हॅनिलाचा अर्क दोन छोटे चमचे. स्निग्धांश साधारण १२-१३ टक्के होतो. सगळं वजनावर मोजा. ग्वार गमसाठी तर दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतोच, चमच्याने अंदाज घेऊन ते जमत नाही.

काजू चार तास भिजवून ते पाणी फेकून द्यायचं. मग मोजलेलं पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटायचे. वाटण दोन बोटांत घासून बघतो, रवाळ लागलं तर अजून फिरवतो. इथे कंटाळा केला तर पुढे काहीही करून ती कचकच जात नाही. मिक्सरची ताकद कमी असेल तर पातळ फडक्यातून गाळून घ्या. ग्वार गम आधी साखरेत कोरडं मिसळायचं, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. आता साखर, डेक्स्ट्रोज आणि मीठ घालून मंद आचेवर सतत ढवळत ८० ते ८५ अंशांपर्यंत न्यायचं आणि दोन-तीन मिनिटं तिथेच ठेवायचं. आधी पातळ दुधासारखं दिसणारं मिश्रण थोड्या वेळात एकदम जड होतं, चमच्याच्या पाठीवर थर धरतं आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ मोडत नाही. स्टार्च शिजल्याची ती खूण. तळाला पटकन लागतं, तेवढं सांभाळा.

तेल गरम मिश्रणातच घालायचं आणि हँड ब्लेंडरने मिनिटभर घोटायचं. गार मिश्रणात घातलं तर त्याचे पांढरे कण होऊन बसतात. सूर्यफुलाचं लेसिथिन मिळालं तर चिमूटभर टाका, तेल आणि पाणी जास्त घट्ट बांधलं जातं. नाही मिळालं तरी अडत नाही, काजूची प्रथिनं बरंचसं निभावून नेतात. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. या विश्रांतीत चरबी नीट घट्ट होते आणि गम पाणी पिऊन घेतं. ही पायरी गाळून केलेलं आणि न गाळता केलेलं आइस्क्रीम शेजारी ठेवून खाल्लं तर फरक कुणालाही कळेल.

साखर कमी करायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही कमी गोड आवडतं. पण इथे साखर चवीइतकीच मऊपणासाठी असते. पाण्यात विरघळलेले रेणू जितके जास्त, तितका गोठणबिंदू खाली. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येही थोडं पाणी पाकाच्या रूपात द्रव राहतं आणि त्यामुळेच चमचा आत जातो. साखर निम्म्यावर आणली की वीट तयार. यावरचा चांगला उपाय म्हणजे डेक्स्ट्रोज. त्याचा रेणू साखरेच्या रेणूच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू दुपटीच्या जवळपास. आणि गोडी साखरेच्या सुमारे तीन चतुर्थांश. मऊपणा वाढतो, गोडी आटोक्यात राहते. घेताना साधी, चव आणि रंग न घातलेली पावडर घ्या.

ग्वार गमबद्दल एवढंच: दीड ग्रॅमच्या वर जाऊ नका. काजूचा स्टार्च आहेच, त्यात गम वाढलं की आइस्क्रीम चिकट होतं आणि चमच्याला तार सुटते.

व्हॅनिलावर मात्र मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. थंडीत जिभेला चव आणि नाकाला वास दोन्ही कमी कळतात. म्हणून न गोठवलेलं मिश्रण चाखताना व्हॅनिला आणि गोडी किंचित जास्त वाटली पाहिजे, गोठल्यावर ती बरोबर बसते. अर्क नेहमी गार झालेल्या मिश्रणात घालतो, गरम असताना घातला तर अल्कोहोलबरोबर वासही उडतो. शेंग वापरायची असेल तर उलटं करायचं. शेंग चिरून, बिया खरवडून, सालासकट गरम मिश्रणात टाकायची आणि रात्रभर तशीच राहू द्यायची. सालातही भरपूर स्वाद असतो, ते फेकू नका. शेंगेची चव अर्कापेक्षा गोल आणि लांब टिकणारी लागते. नेहमीसाठी मी अर्क वापरतो, वाढदिवसाला शेंग. कृत्रिम व्हॅनिलिनही वापरून पाहिलं. ते वाईट नाही, पण एकसुरी लागतं. पहिल्या चमच्याला जे कळतं तेच शेवटच्या चमच्याला.

शेंग हातात घेतली की मला एडमंड आल्बियुसची आठवण होते. व्हॅनिलाचा वेल मूळचा मेक्सिकोकडचा. बाहेर लावला तर फुलं यायची, पण परागीकरण होत नसल्यामुळे शेंगा धरायच्या नाहीत. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर गुलामगिरीत असलेल्या या १२ वर्षांच्या मुलाने १८४१ मध्ये बारीक काडी आणि अंगठा वापरून फुलाचं हाताने परागीकरण करायची सोपी रीत काढली. आजही मळ्यांमध्ये एकेक फूल असंच हाताळतात, आणि फूल उमलतं ते एका दिवसापुरतं. एवढ्या कष्टाची वस्तू नारळाच्या चवीखाली दाबून टाकायची, हे मला म्हणूनच जड जातं.

आता यंत्र. भांडं दुहेरी भिंतीचं, आत गोठणारं द्रव. पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा जास्त वेळ, पूर्ण एक दिवस ते फ्रीझरमध्ये ठेवा. कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर अजून तयार नाही. आधी यंत्र सुरू करायचं आणि मग वरच्या तोंडातून मिश्रण ओतायचं, नाहीतर भिंतीवर लगेच थर गोठून पातं अडकतं. मिश्रण फ्रिजमधून थेट काढलेलं, ४-५ अंशांचं हवं. वीस-पंचवीस मिनिटांत ते मऊ, पात्यामागे वळ्या सोडणारं होतं. वळ्या मोडेनाशा झाल्या की थांबवायचं. जास्त वेळ चालवून फायदा नाही, भांडं तोवर गरम व्हायला लागलेलं असतं.

तक्रारीही आहेत. आवाज मोठा आहे, मुलं झोपल्यावर मी ते लावत नाही. पातं प्लास्टिकचं आहे आणि भिंतीपासून जरासं दूर फिरतं, त्यामुळे कडेला बोटभर नाही तरी नखभर जाडीचा कडक थर राहतोच. तो खरवडून मुख्य आइस्क्रीममध्ये मिसळू नका, त्यातले बर्फाचे कण मोठे असतात. लाकडी किंवा सिलिकॉनचाच चमचा वापरा, धातूने आतला थर ओरखडतो. एका वेळी एकच घाणा निघतो, पाहुणे जास्त असले तर आदल्या दिवशीच करून ठेवावं लागतं. कॉम्प्रेसरवालं यंत्र एका स्नेह्यांकडे वापरलं, त्यात भांडं गोठवायची कटकट नाही आणि पाठोपाठ दोन घाणे निघतात. पण ते जड आहे आणि ओट्यावर मोठी जागा अडवतं. चवीत मला फरक जाणवला नाही.

साठवणीत माझा सल्ला उथळ डब्याचा. आइस्क्रीम जितक्या लवकर कडक होईल तितके कण बारीक राहतात. वर बेकिंगचा कागद अगदी चिकटवून दाबायचा आणि डबा फ्रीझरच्या मागच्या बाजूला ठेवायचा, दारात नाही. दारात तापमान सारखं वरखाली होतं, बारीक कण वितळून मोठ्या कणांवर परत गोठतात आणि आठवड्यात खरखर येते. नीट ठेवलं तर दोन-तीन आठवडे पोत चांगला राहतो. वाढायच्या आधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये काढून ठेवतो. बाजारच्या आइस्क्रीमइतकी हवा घरच्या यंत्रात भरत नाही, त्यामुळे हे जास्त भरीव असतं आणि तेवढा वेळ त्याला लागतोच.

यंत्र घ्यायचं ठरवलंत तर आधी फ्रीझरच्या कप्प्याची उंची मोजा. भांडं झाकणाशिवाय सपाट, उभं मावलं पाहिजे. तिरपं ठेवलं तर आतलं द्रव एका बाजूला गोठतं आणि दुसऱ्या बाजूचं आइस्क्रीम पातळच राहतं.