स्टुडर निओब्लॅडर की इंडियाना पाऊच?

कॅन्सरमुळे मूत्राशय काढल्यावर लघवी साठवायला आतड्याची नवी पिशवी करण्याच्या या दोन पद्धती. स्टुडरमध्ये इलियमचा (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा) सुमारे ५५ सेंमी तुकडा घेतात. त्यातला ४० सेंमी उभा चिरून, दुमडून गोल पिशवी शिवतात (न चिरलेली नळी आकुंचन पावते, दाब वाढतो, लघवी गळते) आणि ती मूत्रमार्गाला जोडतात. मूत्रमार्गाच्या कापलेल्या कडेत कॅन्सर असेल तर हा पर्याय बादच. रात्रीची गळती बराच काळ छळते.

इंडियानात उजवं मोठं आतडं पिशवी होतं. इलियमचं टोक कॅथेटरवर (लघवी काढायच्या बारीक नळीवर) निमुळतं करून, इलिओसीकल झडप (लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची) टाक्यांनी घट्ट करून पोटावर आणतात. गळती कमी, पण दर ४-६ तासांनी स्वतः कॅथेटर घालून लघवी काढणं आयुष्यभर. हात थरथरत असतील तर नकोच. झडप गेल्यानं जुलाबही होतात.

किडनी कमकुवत असेल तर ॲसिडोसिसमुळे (रक्तात आम्ल वाढल्यामुळे) दोन्ही टाळावेत.