शास्त्रीय नावांचे फलक छापायचे असतील तर: मालवणातल्या एका डीटीपी दुकानाचा अनुभव

आमच्या ज्युनिअर कॉलेजात यंदा वन्यजीव सप्ताहासाठी सूर्यपक्षी आणि हमिंगबर्ड यांचे फलक शेजारी शेजारी लावले. जास्वंदीवर शिंजीर, म्हणजे आपला सूर्यपक्षी, आला की मुलं फोटो काढतात आणि खाली बिनधास्त 'हमिंगबर्ड' लिहून टाकतात. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत, आपल्याकडे एकही नाही. हे एकदा नीट, नावानिशी मांडायचं होतं.

फलक छापले मालवणच्या बाजारपेठेतल्या एका छोट्या दुकानात. लग्नपत्रिका, शुभेच्छांचे फ्लेक्स, होमस्टेचे बोर्ड हे त्यांचं रोजचं काम. तरीही शास्त्रीय नावांचं काम मी यापुढे तिथेच देणार आहे. याआधी दुसऱ्या गावातल्या एका छापणाऱ्याने आमची नावं परस्पर 'सुधारली' होती. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, तिरपा टाइप सरळ आणि नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावाभोवतीचे कंस गायब. विचारलं तर म्हणे, कंस बरे दिसत नव्हते. शास्त्रीय नावात आधी प्रजाती (जीनस) आणि मग जाती (स्पीशीज) असते; प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं आणि जातीचं लहान हा प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे. तो दिसण्यासाठी वाकवता येत नाही.

मालवणच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी काहीही परस्पर बदलत नाही. शंका आली की प्रूफवर लाल पेनाने गोल करते आणि विचारते. पहिल्याच प्रूफवर तिचा प्रश्न होता, "बाई, हय लेथमाक कंस आसा, थय लिनियसाक नाय. दोनय सारखे करू?"

लेथम आणि लिनियस ही त्या पक्ष्यांना नाव देणाऱ्या शास्त्रज्ञांची नावं. तिची शंका रास्त होती. आपला जांभळा शिंजीर लेथमने 1790 मध्ये 'सर्थिया एशियाटिका' म्हणून नोंदवला. आज तो 'सिनिरिस' या प्रजातीत आहे. जाती मूळ प्रजातीतून दुसरीकडे गेली की नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं, म्हणून सिनिरिस एशियाटिकस (लेथम, 1790). जमैकाचा लांब शेपटीचा हमिंगबर्ड, ट्रोकिलस पॉलिटमस, लिनियसने 1758 मध्ये ज्या प्रजातीत ठेवला तिथेच आहे, म्हणून त्याला कंस नाही. 'एशियाटिका'चं 'एशियाटिकस' का झालं, हेही तिने विचारलं. सिनिरिस पुल्लिंगी आहे, त्यामुळे विशेषणही पुल्लिंगी करावं लागतं. मराठी व्याकरण शिकलेल्या मुलीला हे समजवायला वेळ लागला नाही.

खरी कसोटी लागली ती अमाझिलियाच्या फलकावर. पेरू आणि इक्वेडोरच्या पश्चिम भागातल्या एका हमिंगबर्डचं नाव मी 'अमाझिलिस अमाझिलिया' दिलं होतं. शेजारच्याच फलकावर 'अमाझिलिया रूटिला'. तिने दोन्ही शब्दांभोवती गोल केला, "हय एक अक्षर चुकला दिसता." कुणालाही तसंच वाटेल. पूर्वी हा पक्षी खरोखरच अमाझिलिया अमाझिलिया होता. 2014 मध्ये मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून हमिंगबर्डचा वंशवृक्ष मांडला, तेव्हा अमाझिलियात एकत्र बसवलेले पक्षी एका घराण्याचे नाहीत हे दिसलं. 2017 मध्ये स्टाइल्स, रेमसन आणि मॅकग्वायर यांनी या गटाची फेरमांडणी केली. प्रजाती फुटली की जुनं नाव कुणाकडे राहतं? ज्या भागात टाइप स्पीशीज आहे त्याच्याकडे. टाइप स्पीशीज म्हणजे ती एक जाती, जिच्याशी प्रजातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं. अमाझिलियाची टाइप स्पीशीज ठरली आहे दालचिनी रंगाची रूटिला. त्यामुळे ज्याच्या नावातच 'अमाझिलिया' आहे तो पक्षी बाहेर गेला आणि त्याच्यासाठी अमाझिलिस हे जुनं नाव पुन्हा वापरात आणावं लागलं. मला हा नियम अतिशय न्याय्य वाटतो. नावाचं साम्य किंवा कुणाची आवड यावर निकाल लागला असता तर दर पिढीला नवं भांडण उभं राहिलं असतं.

फाइल देऊन झाल्यावर मेक्सिकोच्या जांभळ्या डोक्याच्या हमिंगबर्डचं नाव मला बदलावं लागलं. फेरमांडणीनंतर त्याला ल्यूकोलिया म्हणू लागले होते, पण ते नाव नियमांनुसार त्या गटाला चालत नाही असं निघालं. ब्रूस आणि स्टाइल्स यांनी 2021 मध्ये रामोसोमाइया हे नवं नाव दिलं. दुकानात फोन केला. त्यांनी नवं प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि पुन्हा टाइप करण्याचे पैसे लावले नाहीत.

सूर्यपक्ष्यांच्या फलकावर ती शेवटी अडली ती 'लेप्टोकोमा ब्राझिलियाना'पाशी. आग्नेय आशियातला पक्षी आणि नाव ब्राझीलचं! गमेलिन या शास्त्रज्ञाने 1788 मध्ये दिलेलं नाव भूगोलात चुकलं तरी कायम राहतं, कारण चुकीच्या अर्थासाठी नाव बदलायला संहिता परवानगी देत नाही. तिने हे ऐकून घेतलं आणि प्रूफच्या कडेला 'बरोबर आसा' असं लिहून ठेवलं.

आता उणिवा. सनबोर्ड पातळ मिळाला, आपल्या दमट हवेत कडा वाकल्या. जाड मागून घ्या आणि मागे लाकडी पट्टी लावायला सांगा. लॅमिनेशनमध्ये एका कोपऱ्यात हवा राहिली होती, ती त्यांनी समोरच काढून दिली. हमिंगबर्डच्या गळ्याची झळाळी छपाईत उतरत नाही, त्याचा दोष दुकानाला देणार नाही. ती चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते आणि कोन बदलला की रंग बदलतो, शाईला ते जमणारं नाही. दर इतर दुकानांपेक्षा थोडा जास्त आहे. प्रूफ वाचून देणारं माणूस आहे, तेव्हा मला तो पटला.

जाताना मजकूर पीडीएफमध्ये न्या, त्यांच्या जुन्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड जोडाक्षरं फुटतात. गणपतीच्या आधी जाऊ नका, तेव्हा मंडळांच्या फ्लेक्समधून त्यांना डोकं वर काढायला फुरसत नसते.