लिनिया टी-जेट का अबार्थ पुंटो? रत्नागिरीकराने घेतलेला जुना इटालियन त्रास

आधीच सांगतो, फरारी-लॅम्बोर्गिनी वाचायला मिळेल म्हणून कोणी आलं असेल तर सॉरी. आपलं बजेट सहा लाख, घर पावसजवळ, आणि रात्री पडवीत झोपलं की समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर. गाडी इटालियन पाहिजे, पळणारी पाहिजे, सेकंडहँड चालेल, एवढ्या अटी घातल्यावर आपल्याकडे खरं तर दोनच नावं उरतात, फियाट लिनिया टी-जेट ही सेडान आणि अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटच्याच छोट्या पुंटोची पळणारी आवृत्ती. तिसरी फियाटचीच पालिओ १.६, १०० हॉर्सपॉवरवाली, सचिन जिची जाहिरात करायचा ती, पण ती आता वीस वर्षांच्या पुढे गेली, ज्याच्याकडे चांगली आहे तो विकत नाही आणि जी विकायला येते ती घेऊ नये. मामाकडे होती एक. हा किडा माझ्या डोक्यात तिनेच घातला.

फियाट घेतोय म्हटल्यावर आई म्हणाली, टॅक्सी? आमच्याकडे फियाट म्हणजे पद्मिनी, काळीपिवळी, टपावर वळकट्या बांधून गणपतीला येणारी. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतूनसुद्धा गेली तरी आईच्या डोक्यातून गेली नाही. अबार्थच्या बोनेटवरचा विंचू दाखवल्यावर तर तिने हातच जोडले. आता तिला काय सांगू की कार्लो अबार्थ नावाच्या माणसाने १९४९ साली कंपनी काढली आणि त्याची रास वृश्चिक होती. तरी सांगितलं. रास म्हटल्यावर जरा शांत झाली.

तर मुद्दा. दोन्ही गाड्यांत इंजिन एकच आहे, १३६८ सीसीचं १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल. दोन्हींना पाच गिअर, दोन्हींना चारी चाकांना डिस्क ब्रेक, दोन्हींना जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग, जे पार्किंगला हात दुखवतं आणि ऐंशीच्या पुढे असं बसतं की इलेक्ट्रिकवाल्या गाड्या खेळण्यातल्या वाटतात. लिनिया टी-जेट आपल्याकडे २०१० ला आली, ११४ हॉर्सपॉवर, २०७ एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. अबार्थ पुंटो २०१५ च्या ऑक्टोबरात आली, १४५ हॉर्सपॉवर आणि २१२ एनएम, किंमत तेव्हा दिल्ली एक्स-शोरूम ९.९५ लाख. आता नीट बघा, हॉर्सपॉवरमध्ये ३१ चा फरक आणि टॉर्कमध्ये फक्त ५ चा. म्हणजे रोजच्या चालवण्यात, तिसऱ्या गिअरला ट्रकच्या मागून बाहेर काढताना वगैरे, दोघींची ओढ जवळजवळ सारखी लागते, अबार्थचा खरा तमाशा इंजिन वरच्या आरपीएमला ताणलं की सुरू होतो, आणि आमच्याकडे ताणायला रस्ता कुठे आहे? मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही बोलत नाही, बीपी वाढतं.

पहिली लिनिया बघितली हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे. २०१४ ची, पांढरी, दोन लाख दहा हजार, फोटोत चकाचक. आत बसलो तर अत्तराच्या दुकानात बसल्यासारखं. एवढा वास कशाला मारलाय म्हणून संशय आला, म्हणून ड्रायव्हरचा सीटबेल्ट खेचला, नेहमी लावतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, तो अडकेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ, आणि बोट फिरवलं तर वाळलेला गाळ भुग्यासारखा हाताला लागला. मग सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला, सीटचे बोल्ट लाल झालेले. गाडी कुठली विचारलं तर म्हणे चिपळूणच्या पार्टीची, एका हाताची. मी म्हटलं जुलै २०२१ च्या पुरात पार्टी कुठे होती? तर म्हणे अहो ते एसीचं पाणी गळतं आत. एसीच्या पाण्यात वाशिष्ठीचा गाळ येतो हे मला तेव्हाच कळलं. ही सीटबेल्टची टेस्ट कोकणात कुठलीही जुनी गाडी बघताना करा, फुकट आहे, पाच सेकंद लागतात, आणि धुऊन पुसून गाडी विकणारे ते आतलं टोक सहसा धूत नाहीत.

दुसरी लिनिया मात्र मनापासून आवडली. २०११ ची, एमएच ०८ पासिंग, पहिले मालक मांडवीकडचे एक डॉक्टर, ६१ हजार किलोमीटर, सगळी बिलं फाइलला लावलेली, मागितलेले दोन लाख साठ. डॉक्टरसाहेब स्वतःच म्हणाले, चालवून बघ, आरे-वारेपर्यंत जाऊन ये, घाई नको. काय गाडी आहे राव. दोन हजार आरपीएमच्या खाली जरा झोपलेली असते, ती टर्बोची सवय, पण एकदा उठली की मागून कोणीतरी मायेने ढकलतंय असं वाटतं, आणि ते आरे-वारेचं वळण, डावीकडे खाली एकदम समुद्र दिसतो ना, तिथे एवढी मोठी सेडान जराही कलत नाही. जड दरवाजे, बंद केले की बॅंकेच्या तिजोरीसारखा आवाज. मागची सीट आईला गुडघे दुखत असताना पण चालेल अशी, आणि डिकी ५०० लिटरची, म्हणजे मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून सासऱ्यांकडे एका खेपेत. अबार्थची २८० लिटर. त्यात दोन पेट्या आणि सासऱ्यांचे टोमणे एवढंच बसतं.

मी टोकन द्यायला निघालो होतो. पण आमचा मिस्त्री, जो एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतो, तो म्हणाला रॅम्पवर घे. घेतली. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला आणि जॅक लावायच्या जागेच्या मागे, दाराखालच्या पट्टीला नुसता टेकवला. दाबला पण नाही हो. तो आत गेला. वरून रंग एकदम ओके, आतून पत्रा पापडासारखा, आणि बाहेर काढल्यावर टोकाला तांबडा चुरा. मांडवीला समुद्रासमोर चौदा वर्षं, त्यात आपला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, गाडीचा काही दोष नाही. डॉक्टर बिचारे माझ्यापेक्षा जास्त हिरमुसले. वर आरसीची पंधरा वर्षं २०२६ ला संपणार होती, म्हणजे फिटनेस, रिन्यूअल, ग्रीन टॅक्स, आणि खालून असा पत्रा. पत्र्याचं काम होतं, नाही असं नाही, पण वेल्डिंग मारलेली जागा खाऱ्या हवेत आणखी लवकर खाते असं मिस्त्री म्हणाला आणि मग त्या दिवसाची त्याची वाक्यं संपली.

तिथून माझं डोकं फिरलं आणि मी मॉडेल शोधायचं सोडून पासिंग शोधायला लागलो. एमएच ०८, ०७, ०६, म्हणजे किनाऱ्यावरचे जिल्हे, बंद. कोल्हापूरचं एमएच ०९ नाहीतर पुण्याचं १२. ह्या फियाट पुण्याजवळ रांजणगावला बनायच्या, त्यामुळे पुणे-कोल्हापूरकडे चांगल्या जपलेल्या अजून सापडतात. घाटावरची लिनिया मिळाली असती तर लिनियाच घेतली असती, हे आजही सांगतो. दोन महिने थांबलो, मिळाली नाही. मिळाली ती कोल्हापूरची अबार्थ, २०१६ ची, ४८ हजार झालेली, मागितले पावणेसहा, पाच चाळीसला तुटली.

बघायला सकाळी सातला पोचलो कारण मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवलेलं की दादा, मी येईपर्यंत चालू करू नका. टर्बो गाडी थंडच बघायची असते, पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धूर आला की समजायचं ऑइल जळतंय. नाही आला. मग खाली वाकलो आणि तिथेच माझा निकाल लागला, सस्पेन्शनच्या बोल्टवरचा तो गंज रोखणारा पिवळा मुलामा नऊ वर्षांनी तसाच होता. आमच्याकडे तो दुसऱ्या पावसाळ्यात जातो. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या वॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा, तो बदलल्याचं बिल मात्र नव्हतं. ह्या इंजिनाला चेन नाही, रबरी बेल्ट आहे, आणि किलोमीटर कमी झाले म्हणून बेल्ट तरुण राहत नाही, तो वयाने पण जातो, तुटला तर वॉल्व्ह वाकतात आणि मग हेड उघडायचा खर्च बघून माणूस वाकतो. मी सरळ धरून चाललो की बदलायचाच आहे, आणि त्यावरच भाव तोडला. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, पुढचे लोअर आर्म, सगळं मिळून ३८ हजार लागले.

येताना मलकापूरवरून आंबा घाट उतरलो. उतरताना ब्रेक कळतात, इंजिन नाही, म्हणून साखरप्याला चहा घेऊन परत वर गेलो, बायकोला फोनवर सांगितलं ट्रॅफिक आहे. दुसऱ्या गिअरला वळण संपता संपता पाय दिला की पुढची चाकं स्टिअरिंग हातातून जरा हिसकून घेतात, मग पकड येते आणि पुढचं वळण तुम्ही ठरवलं त्याच्या आधी येतं. कंपनी शून्य ते शंभर ८.८ सेकंद सांगते, मी काही मोजलं नाही, पण माकडं कठड्यावरून उठून गेली एवढं खरं.

आता शिव्या. डावा पाय ठेवायला जागाच नाही, क्लचच्या बाजूला डेड पेडल नावाचा प्रकार दिलेला नाही, मुंबई गाठेपर्यंत पिंढरी भरून येते. सीट उंच, स्पोर्ट्स गाडीत बसलोय का टेम्पोत असं पहिले चार दिवस वाटतं. सस्पेन्शन कडक, खड्डा पुढच्या चाकाने सांगितलेला मागचं चाक परत सांगतं. माझ्या पायाला मायलेज दहा-अकरा. आता बहुतेक पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोलच मिळतं, तेव्हा जुन्या रबरी पाइपांवर नजर ठेवायला मिस्त्रीला सांगून ठेवलंय. सस्पेन्शनचं बरंच सामान साध्या पुंटो-लिनियाचं चालतं आणि मिळतं, पण अबार्थचा स्वतःचा पुढचा बंपर, साइडची पट्टी वगैरे फुटलं तर शोधत फिरा, फियाटने इथे गाड्या विकणं बंद करून वर्षं झाली.

आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा. १५५ मिलिमीटर. रस्त्यापासून आमच्या घराकडे उतरणारी जी वाट आहे तिच्यात देवळाजवळ ग्रामपंचायतीने सिमेंटचा उंचवटा करून ठेवलाय, पावसाचं पाणी वळवायला. गाडी घ्यायच्या आधी मी शहाणपणा केला होता. पुंटोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५१० मिलिमीटर, तेवढी पोफळीची सरळ पट्टी कापली, दोन्ही टोकांखाली १५५ चे लाकडी ठोकळे लावले आणि ती त्या उंचवट्यावर आडवी-उभी करून मधे किती जागा राहते ते टेपने बघत बसलो. तेवढ्यात शेजारचे काका लुंगी सावरत धावत आले, "मोजणी आणलीस काय रे? आधी सांगायचं तरी!" त्यांना गाडीचं समजावलं. पटलं नाही. भाऊबंदकीत टेप दिसला की माणूस वकिलालाच फोन करतो.

पट्टीने सांगितलं, रिकामी गाडी दोन बोटं राखून जाईल. गेली पण. मग पहिल्या रविवारी आई, बायको, मुलगा आणि ओले नारळ घेऊन आलो आणि खालून असा आवाज आला की मुलगा म्हणाला बाबा विंचू चावला. लिनिया उंच आहे, ती अशी घासली नसती, हे बायको आता रोज बोलते, जिने लिनिया पाहिलेलीसुद्धा नाही.

मग कोणी काय घ्यावं? घरात चार माणसं, आंब्याचा सीझन, वयस्कर आईवडील आणि घाटावरची न गंजलेली टी-जेट मिळत असेल तर डोळे मिटून लिनिया, वाचलेल्या पैशात बेल्टपासून टायरपर्यंत सगळं नवं होईल. अबार्थ त्याने घ्यावी ज्याच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे. माझ्याकडे अल्टो आहे. समुद्राकाठी नांदलेली असेल तर दोन्हीतली कुठलीच नको, कितीही स्वस्त मिळू दे.

सध्या अबार्थ वर रस्त्याला चुलतभावाच्या खळ्यात उभी असते, वर झावळ्यांचा मांडव, दर रविवारी खालून गोड्या पाण्याने धुतो आणि मग घरी चालत उतरतो, ऐंशी पायऱ्या. ती पोफळीची पट्टी अजून पडवीत आहे. काका येता-जाता तिच्याकडे बघतात, आणि परवा त्यांनी आपल्या हद्दीला नवीन चिरे लावून घेतले.