‘आयपी ६५’चं स्टिकर आणि त्याखाली झाकलेली पाटी

कोकणात घराबाहेरच्या भिंतीवर लिथियम बॅटरी बसवून घेणार असाल, तर अ‍ॅडव्हान्स देण्याआधी हे वाचा. माझ्या आईबाबांची बॅटरी पहिल्याच पावसाळ्यात गेली. विकणाऱ्याने ती तशी जाणार हे माहीत असूनच विकली होती, असं मी आज पुराव्यासकट म्हणू शकते.

घर दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या भागात कित्येक आठवडे वीज नव्हती. आईला इन्सुलिन लागतं, ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. बाबांनी तेव्हाच घरच्या विजेचं मनावर घेतलं. छपरावर सोलर बसवलं होतं, पण साधं ऑन-ग्रिड सोलर महावितरणची लाइन गेली की स्वतःहून बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी सोय केलेली असते. त्यामुळे हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन गेली तरी सोलर आणि बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरी घ्यायचं ठरलं.

पुरवठादार शहरातला, बोलायला गोड. ओटीशेजारच्या खोलीत बॅटरीला जागा होती. पण त्याने आग्रह धरला, “काका, लिथियम घरात कशाला? पडवीच्या बाहेर लावू, मी आउटडोअर कॅबिनेट देतो.” त्या कॅबिनेटचे वेगळे अठरा हजार. बाबांनी त्याला सरळ विचारलं होतं, “ही भिंत पश्चिमेची. इथे झड येते, दर मेमध्ये आम्ही झाप बांधतो. पाणी शिरणार नाही ना?” उत्तर आलं, “आयपी ६५ आहे काका, पाइपने धुतली तरी काही व्हायचं नाही.” व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कोटेशनमध्येही त्याने ‘आयपी ६५, आउटडोअर’ असंच लिहिलं. पक्क्या बिलावर मात्र नुसतं ‘लिथियम बॅटरी सेट, कॅबिनेटसह’.

जुलैत सलग झडीचा पाऊस लागला आणि एका रात्री इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर बॅटरीशी संपर्क तुटल्याचा इशारा आला. गावातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून कॅबिनेट उघडलं. दाराला आतून थेंब डवरलेले. दोन्ही बाजूंना हवेसाठी पत्र्यात तिरप्या फटी कापलेल्या, त्यातून पाणी सरळ आत. वायरी वरच्या बाजूने आत घेतलेल्या, भोकाला ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसून पाणी अडवणारं बूच) नाही, नुसतं सिलिकॉन चोपडलेलं आणि तेही सुटलेलं. टर्मिनलवर हिरवा थर, स्क्रू गंजलेले, बीएमएसच्या, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटच्या, बोर्डावर खारटलेले पांढरे डाग.

आणि बॅटरीच्या बाजूला पुरवठादाराच्या दुकानाचं ‘वॉरंटी’ स्टिकर, नेमकं कंपनीने बॅटरीची माहिती छापलेल्या पाटीच्या खालच्या अर्ध्या भागावर. इलेक्ट्रिशियनने ते ब्लेडने हळूहळू सोडवलं. खाली छापलं होतं: संरक्षण आयपी २०, फक्त घरातील वापरासाठी. मी तिथेच उभी होते. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

हा आकडा नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक त्याच्याच आडून चालते. आयपीनंतरचा पहिला आकडा बोट, वस्तू, धूळ आत जाण्यापासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. ६५ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि कोणत्याही दिशेने पाण्याची धार मारली तरी नुकसान होत नाही. २० म्हणजे आत बोट जाणार नाही, बस. पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. आमचा इन्व्हर्टर खरोखरच आयपी ६५ होता, त्याच्या पाटीवर तसं छापलेलं आहे. त्या इन्व्हर्टरचा आकडा पुरवठादाराने सगळ्या सेटला चिकटवला. बॅटरी होती रॅकमध्ये, घरात ठेवायची. कॅबिनेट फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला पत्र्याचा डबा, त्यावर बाजारात छापून मिळणारं स्टिकर. उघड्या फटी असलेला डबा आयपी ६५ असूच शकत नाही, हे त्याला कळत नव्हतं असं मी मानणार नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. ही पाण्याची चाचणी साध्या पाण्याने आणि काही मिनिटांची असते. खारा वारा वर्षभर लागतो, त्याचा या आकड्यात हिशेब नाही. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि तिचा दाखला वेगळा मागावा लागतो. पश्चिमेचं ऊन हाही प्रश्न आहेच. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचं चार्जिंग ४५ ते ५० अंशांच्या आसपास थांबतं किंवा मंदावतं, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात तेवढं तापमान सहज होतं.

बॅटरीच्या कंपनीने वॉरंटी नाकारली. त्यांच्या पुस्तिकेत कोरड्या जागी, घरात बसवा असं स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. पुरवठादार आधी म्हणाला, यंदा पाऊसच जास्त झाला. मग म्हणाला, ही नैसर्गिक आपत्ती. कोकणात जुलैत पाऊस पडणं ही आपत्ती कधीपासून झाली? स्टिकरचे फोटो पाठवल्यावर त्याने फोन घेणं बंद केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर मात्र त्याचाच फोन आला: निम्मे पैसे देतो, पण ‘माल व्यवस्थित मिळाला’ असं लिहून द्या. बाबांनी नकार दिला. आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बाबांनी पुसून न टाकलेलं ते व्हॉट्सअ‍ॅप कोटेशन आमचा मुख्य आधार आहे.

तुम्ही घेणार असाल तर बॅटरीच्या स्वतःच्या पाटीचा फोटो आधी मागा, इन्व्हर्टरचा किंवा डब्याचा नको. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या पुस्तिकेत तोच आकडा तपासा आणि कुठे बसवणार ती जागा बिलावर लिहून घ्या. ज्यांच्याकडे असा पत्र्याचा डबा आधीच लागला आहे, त्यांनी मेन स्विच बंद करून जाणकाराकडून तो उघडून घ्या. पाटीवर दुकानाचं स्टिकर असेल तर काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर फोटो घ्या, आणि बिघडलेली बॅटरी दुरुस्तीच्या नावाखाली पुरवठादाराला परत नेऊ देऊ नका. आमच्या पुरवठादाराने ती आमच्याकडे तीनदा मागितली आहे.