मिप्सवालं सायकल हेल्मेट: वापरून झालेलं मत

आत पिवळा पातळ थर असलेलं हे मिप्स हेल्मेट मी रोज घालते आणि मला ते मनापासून आवडलंय. तो थर, म्हणजेच मिप्स, बोटाने ढकलला की किंचित सरकतो. डोकं तिरपं आपटलं तर हेल्मेट 10 ते 15 मिलिमीटर सरकावं आणि मेंदूला बसणारा पीळ कमी व्हावा, हा त्यामागचा विचार.

मुख्य काम मात्र जाड, थर्माकोलसारख्या ईपीएस फोमचंच. तो चिरडून धक्का शोषतो आणि एकदा चिरडला की पूर्ववत होत नाही. म्हणून जोरात पडल्यावर हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी बदलायचंच. याच कारणाने कुणाचं वापरलेलं हेल्मेट मी लेकीला कधीच घेऊन देणार नाही!

हेल्मेट घट्ट-सैल करायची मागची चकती एका हाताने छान फिरते. पट्ट्यांवर मात्र मी नाराज आहे. कानाखालच्या क्लिपा हळूहळू खाली घसरतात, मग पुढची कड कपाळावरून मागे सरकते. ती भुवयांच्या वर दोन बोटांवर राहिली पाहिजे, नाहीतर कपाळ उघडंच पडतं. सुरक्षेच्या वस्तूत एवढी ढिलाई चालवून घेऊ नये.

सोबतचा मागचा लाल दिवा ठीकठाक, पण तो सीटखाली लावलेल्या दिव्याची जागा घेऊ शकत नाही. मान वाकवली की उजेड आकाशाकडे जातो.

घेताना आतलं लेबल वाचा. युरोपचं ईएन 1078 किंवा अमेरिकेचं सीपीएससी, यांपैकी एकही सुरक्षा मानक लिहिलेलं नसेल तर रंग कितीही आवडो, ठेवून द्या.