जुन्या लॅपटॉपसाठी २ टीबीची हार्ड डिस्क की १ टीबीची एसएसडी?

लॅपटॉपमधली ५०० जीबीची हार्ड डिस्क भरत आली की बहुतेकांपुढे दोन पर्याय येतात: त्याच प्रकारची २ टीबीची फिरती डिस्क बसवणे, किंवा निम्म्या क्षमतेची साटा एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी आणि हार्ड डिस्कच्याच साटा नावाच्या जोडणीवर चालणारी डिस्क, घेणे. दोन्ही २.५ इंची असून एकाच जागी बसतात, त्यामुळे खरा प्रश्न जागा हवी की वेग, एवढाच राहतो.

लॅपटॉपची हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि प्रत्येक फाइल शोधताना तिच्या हेडला, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाला, तबकडीवर सरकावे लागते, ज्यात दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने हाच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात आटोपतो. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचल्या जातात, म्हणून हा फरक सर्वांत आधी तिथे जाणवतो. शिवाय २ टीबीच्या ७ मिमी जाडीच्या डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि मोठ्या नकला मध्येच रेंगाळतात.

हार्ड डिस्कची बाजूही भक्कम आहे. दर जीबीमागे ती स्वस्त पडते, आणि चुकून पुसलेली फाइल तिच्यातून परत मिळण्याची शक्यता एसएसडीपेक्षा जास्त असते. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणाऱ्याला सगळा साठा एकाच यंत्रात हवा असेल, तर मी त्याला तीच सुचवेन.

इतर सर्वांनी मात्र एसएसडी घ्यावी आणि जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून फोटोंसाठी वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खरेदीपूर्वी जाडी अवश्य पाहावी, कारण १५ मिमीच्या ४ टीबी डिस्क सर्वसाधारण लॅपटॉपमध्ये मावत नाहीत. माझ्या लॅपटॉपमधली जुनी डिस्क ९.५ मिमीची होती. ट्रेचे चार बारीक स्क्रू काढून ७ मिमीची एसएसडी ठेवली तेव्हा ती अडीच मिलिमीटरच्या फटीत हलत होती, आणि प्लॅस्टिकची पातळ चौकट चिकटवल्यावरच घट्ट बसली.

डिस्क काढण्याआधी यूएसबी-साटा केबलने एसएसडी जोडून क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने पूर्ण नक्कल करून घ्यावी. ५०० जीबीची डिस्क असल्यास हे काम काही तास चालते, तेव्हा चार्जर लावूनच ठेवावा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडणारा लांब आकडा) आधी कागदावर लिहून घ्यावी, आणि नवी एसएसडी महिनाभर सुरळीत चालेपर्यंत जुन्या डिस्कवरचे काहीही पुसू नये.